स्विंगच्या जमान्यातले ड्रमर: कान कुठे लावायचा?

१६ जानेवारी १९३८. रविवारची संध्याकाळ. एरवी जिथे सिंफनी ऑर्केस्ट्रा वाजायचे त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये बेनी गुडमनचा जॅझ बँड वाजत होता आणि ड्रमवर होता जीन क्रुपा. त्याच रात्री शहराच्या उत्तरेला, हार्लेममधल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये, चिक वेबचा बँड आणि काउंट बेसीचा बँड यांचा सामना होता. वेब स्वतःच ड्रमर. बेसीकडे ड्रमवर जो जोन्स. एका बाजूला गायला एला फिट्झजेराल्ड, दुसऱ्या बाजूला बिली हॉलिडे. कार्नेगीचा कार्यक्रम आटोपल्यावर तिथले बरेच लोक उठून थेट सॅव्हॉयला गेले. त्यांना एकाच रात्रीत त्या काळातले तीन थोर ड्रमर ऐकायला मिळाले. सॅव्हॉयचा सामना कोणी जिंकला यावर मात्र एकमत कधी झालंच नाही.

आज आपण त्या तिघांची रेकॉर्ड लावतो तेव्हा पहिल्यांदा जरा निराशाच होते. मागे कुठेतरी खुळखुळ ऐकू येते, मध्येच एखादी झांज वाजते, आणि समोर ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा गजर. एवढं नाव असलेला ड्रमर नेमकं करतोय काय, ते कळत नाही. याचं निम्मं कारण तंत्राचं आहे. १९२५ च्या आधी रेकॉर्डिंग कर्ण्यातून व्हायचं. मोठ्या ड्रमच्या ठोक्याने कोरणारी सुई उडायची, म्हणून स्टुडिओत ड्रमरला मोठा ड्रम वाजवूच देत नसत. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या बँडबरोबर बेबी डॉड्ससारखा न्यू ऑर्लिन्सचा बिनीचा ड्रमर रेकॉर्डिंगला बसला तो मुख्यतः लाकडी ठोकळे वाजवत! मायक्रोफोन आल्यावर परिस्थिती सुधारली, पण ड्रमरला कोपऱ्यात, दूर बसवायची सवय पुढे बरीच वर्षं टिकली. त्यात ७८ आरपीएमची तबकडी, एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. म्हणजे आपल्यापर्यंत जे पोचलंय ते मूळ आवाजाची सावली आहे.

उरलेलं निम्मं कारण आपल्या कानात आहे. ड्रमर म्हटलं की आपण सोलोची, म्हणजे त्याने एकट्याने वाजवण्याची, वाट बघतो. स्विंगमध्ये, म्हणजे मोठ्या बँडच्या त्या नाचाच्या जॅझमध्ये, सोलो हा अपवाद. बाकीचा सगळा वेळ ड्रमर ठेका धरतो, आणि त्या ठेक्यातच त्याची सगळी हुशारी असते.

आधी मंचावर काय असायचं ते पाहू. साधारण १९३५ ते १९४५ हा स्विंगचा बहराचा काळ. बँड मोठे, तेरा-चौदा-पंधरा जणांचे. ट्रम्पेटची एक रांग, ट्रॉम्बोनची एक, सॅक्सोफोनची एक. यांच्यामागे पियानो, गिटार, उभा बास आणि ड्रम, म्हणजे ऱ्हिदम सेक्शन. लोक यायचे ते मुख्यतः नाचायला. सॅव्हॉयमध्ये तर दोन मंच होते; एक बँड थांबला की दुसरा सुरू, नाच थांबायचा नाही. त्यामुळे ड्रमरला दोन धनी. समोरच्या नाचणाऱ्यांच्या पायांना लय स्पष्ट कळली पाहिजे, आणि बँडमधल्या पंधरा जणांचा श्वास एका जागी पडला पाहिजे.

लय चार मात्रांची. पायाने वाजवायचा मोठा बेस ड्रम चारही मात्रांवर वाजतो, पण हलका. चांगल्या ड्रमरचा बेस ड्रम ऐकू येण्यापेक्षा जाणवतो जास्त. त्याच्यावर उभ्या बासचा सूर बसतो आणि दोन्ही मिळून एकच आवाज झाल्यासारखा वाटतो. जोर मात्र पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर नसतो, तो असतो दुसऱ्या-चौथ्यावर. तिथे डावा पाय हाय-हॅट मिटवतो. हाय-हॅट म्हणजे एका दांडीवर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजा, खाली पायटा. त्यांचा ‘चिक्’ असा आवाज होतो. आपल्याकडे टाळ्या सहसा समेवर पडतात, त्यामुळे सुरुवातीला दुसऱ्या-चौथ्यावर टाळी द्यायला हात तयार होत नाही. दहा-बारा मिनिटं चिकाटीने दिली की एकदम जमतं, आणि जमलं की संगीत वेगळंच ऐकू येतं.

आता ‘झोका’, म्हणजेच ‘स्विंग’ या शब्दातली गंमत. मात्रेचे दोन सारखे भाग केले तर ठेका कवायतीसारखा सरळ वाजतो. स्विंगमध्ये पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड असतो. मध्यम लयीत साधारण मात्रेचे तीन तुकडे करून दोन पहिल्याला आणि एक दुसऱ्याला. झांजेवर ते ‘टिंग… टिंग-ट टिंग… टिंग-ट’ असं वाजतं. पण हे गणित फार धरून बसू नका. लय वाढली की दोन भाग पुन्हा जवळजवळ सारखे होतात, आणि प्रत्येक ड्रमरचं प्रमाण थोडं वेगळं असतं. तबल्यात एकच केरवा दोन वादकांच्या हातून वेगळा वाटतो, तसंच हे. कागदावर उतरत नाही.

आणखी एक गोष्ट माहीत असली की ड्रमर कळायला लागतो. बहुतेक गाणी बत्तीस बारची असतात, प्रत्येक बार चार मात्रांचा. आठ-आठ बारचे चार तुकडे. पहिला, दुसरा आणि चौथा तुकडा एकाच चालीचा, तिसरा वेगळा. हे एकशे अठ्ठावीस मात्रांचं आवर्तन पुन्हा पुन्हा फिरत राहतं. ड्रमरला ते पाठ असतं. तुकडा बदलण्याआधी तो छोटीशी भर टाकतो, ट्रम्पेटची रांग एकदम घुसणार असेल तर बरोब्बर आधीच्या मात्रेला तिला धक्का देतो, पियानोची पाळी आली की काठ्या ठेवून तारेचे ब्रश उचलतो. आपण आवर्तन मोजत ऐकलं तर हे सगळं दिसायला लागतं.

चिक वेब या कामातला उस्ताद होता. जन्म बाल्टिमोरचा. लहानपणी मणक्याला क्षय झाला, पाठीला कुबड आलं, उंची खुंटली, दुखणं जन्मभर राहिलं. त्याच्यासाठी ड्रमचा संच खास बसवून घेतलेला होता. झांजा वाकड्या दांड्यांवर हाताशी टांगलेल्या, आणि बेस ड्रम इतका मोठा की मागे बसलेला वेब जेमतेम दिसायचा. त्याला नोटेशन वाचता येत नसे. बँडच्या तालमी ऐकून तो अख्खी मांडणी पाठ करायचा, कोणाच्या ओळीत कुठे काय आहे ते सगळं. म्हणूनच त्याच्या वाजवण्यात एक गोष्ट फार ठळक आहे: ड्रम मांडणीच्या आत असतो. रांगांच्या ओळी तो ड्रमवर रेखाटतो, त्यांच्या टोकाला टिंब देतो, त्यांच्यामधल्या फटी भरतो. ‘हार्लेम काँगो’ ही १९३७ ची रेकॉर्ड ऐका. पहिल्या ऐकण्यात फक्त पितळी वाद्यं ऐका. दुसऱ्यांदा फक्त ड्रम. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र ऐकताना लक्षात येतं की बँडला हाकतोय कोण.

सॅव्हॉय हे वेबचं घर. तिथे येऊन त्याला हरवणं ही मोठीच गोष्ट मानली जायची, आणि बहुतेकांना ती जमली नाही. ११ मे १९३७ ला बेनी गुडमन आपला बँड घेऊन तिथे गेला. गुडमन तेव्हा देशातला सर्वांत लोकप्रिय बँडवाला, त्याचा ड्रमर क्रुपा सिनेनटासारखा प्रसिद्ध. हजारो लोक आत आणि हजारो दाराबाहेर. गुडमनचा बँड जी गाणी वाजवायचा त्यांतली काही मुळात वेबच्याच बँडसाठी एडगर सॅम्पसनने बांधलेली होती. वेबने त्या रात्री त्यांचा साफ निकाल लावला. शेवटी क्रुपाने वेबसमोर वाकून नमस्कार केला असं सांगतात, आणि क्रुपा पुढे आयुष्यभर वेबबद्दल ज्या आदराने बोलत राहिला तो पाहता ते खरंच वाटतं. दोन वर्षांनी, जून १९३९ मध्ये, वेब गेला. चौतिशीत. बँड काही काळ एलाच्या नावाने चालला.

क्रुपावर टीका करणं ही जॅझच्या जाणकारांमध्ये एक फॅशन आहे. केस कपाळावर, जबडा हलतोय, घाम गळतोय, टॉम-टॉमवर, म्हणजे घुमणाऱ्या आवाजाच्या ड्रमवर, धुमाकूळ. या नाटकीपणाचा मलाही कधी कधी कंटाळा येतो. पण ड्रमरला मंचावर पुढे आणणारा माणूस तोच. त्याच्या आधी ड्रमर म्हणजे मागच्या रांगेतला कामगार होता. त्याच्यानंतर पोरं ड्रमरचं नाव घेऊन तिकिटं काढायला लागली. वाद्याच्या घडणीतही त्याचा हात आहे. पूर्वीच्या टॉम-टॉमचं कातडं खिळ्यांनी ठोकलेलं असायचं, सुरात लावता यायचं नाही. क्रुपाच्या आग्रहाने स्लिंगरलँड कंपनीने दोन्ही बाजूंनी पेच आवळून लावता येतील असे टॉम-टॉम बनवले. झिल्जन कंपनीकडे त्याने अधिक पातळ झांजांचा हट्ट धरला. आजच्या कुठल्याही ड्रमसेटकडे बघा, त्याचा मूळ आराखडा बराचसा क्रुपाच्या संचाचाच आहे.

त्याचं ‘सिंग, सिंग, सिंग’ सगळ्यांनी ऐकलेलं असतं. जुलै १९३७ ची ही रेकॉर्ड बारा इंची तबकडीच्या दोन्ही बाजूंवर पसरली, आठ मिनिटांहून जास्त, त्या काळात अघटितच. टॉम-टॉमचा तो घुमणारा ठेका एकदा ऐकला की डोक्यातून जात नाही. मला मात्र क्रुपा त्या कार्नेगीच्या रात्रीच्या पहिल्या गाण्यात जास्त आवडतो. ‘डोन्ट बी दॅट वे’, तेही सॅम्पसनचंच, वेबच्या बँडमधून आलेलं. एवढ्या भारदस्त सभागृहात बँड बिचकलेला, सगळे सांभाळून वाजवतायत. मग क्रुपा मध्येच ड्रमचा एक जोरकस तुकडा हाणतो, श्रोत्यांत एकदम आरोळी उठते आणि बँड मोकळा होतो. ते रेकॉर्डिंग बारा वर्षं तसंच पडून होतं, १९५० मध्ये एलपीवर आलं. हा बदल त्यात स्पष्ट ऐकू येतो.

क्रुपाचा ठेका स्नेअरवर, म्हणजे समोरच्या कडक आवाजाच्या चपट्या ड्रमवर, आणि बेस ड्रमवर उभा होता. पायाचा ठोका चांगलाच ठणठणीत. जो जोन्सने नेमकं तेच बदललं.

जोन्स कॅन्सस सिटीत बेसीच्या बँडमध्ये आला आणि १९३७ पर्यंत त्या बँडमध्ये चौघांची ती प्रसिद्ध जुळणी झाली: पियानोवर बेसी, गिटारवर फ्रेडी ग्रीन, बासवर वॉल्टर पेज, ड्रमवर जोन्स. पेज बासवर चारही मात्रा चालत वाजवायचा, ग्रीन गिटारवर चारही मात्रा छेडायचा. मग त्याच चार मात्रा ड्रमवर पुन्हा ठोकायच्या कशाला? जोन्सने बेस ड्रमचा आवाज कुजबुजीइतका खाली आणला आणि लय उचलून हाय-हॅटवर ठेवली. झांजा किंचित उघडायच्या, काठीने स्पर्श करायचा, मिटवायच्या. ‘त्स्सस्… त्सिक्-त्स्सस्…’ आवाज तुटत नाही, वाहत राहतो. ठोक्यांनी मोजलेली लय सरकती झाली. आज हे सांगताना किरकोळ वाटतं, पण जॅझ ड्रमच्या इतिहासात याच्याइतका मोठा बदल मला दुसरा सापडत नाही.

‘जम्पिन ॲट द वुडसाइड’ ऐका, १९३८ चं. बँड केवढा तरी मोठा, लय जलद, आणि तरी सगळं हवेवर तरंगतंय. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन सुरू झाला की जोन्स त्याच्याखाली काय करतो तिकडे लक्ष द्या. तो फारसं काही करत नाही! हाय-हॅट चालू आहे, डावा हात स्नेअरवर क्वचित एखादा शब्द टाकतो, बस. यंग वाक्य संपवून श्वास घेतो तिथे जोन्सचा एक टपोरा ठोका पडतो. संगत म्हणजे काय ते यातून कळतं. ब्रशवर तर त्याचा हात जगावेगळा होता. आणि वाजवताना चेहऱ्यावर सतत हसू.

हसू असलं तरी माणूस सरळ नव्हता. कॅन्सस सिटीच्या रीनो क्लबमध्ये एका जॅम सेशनला, म्हणजे वादकांच्या आयत्या वेळच्या मैफिलीला, पंधरा-सोळा वर्षांचा चार्ली पार्कर, जो पुढे फार मोठा झाला, सॅक्सोफोन घेऊन आला, मध्येच चुकला, तेव्हा जोन्सने झांज काढून त्याच्या पायाशी फेकली, असा किस्सा आहे. पार्कर मान खाली घालून निघाला आणि मग जो रियाझाला लागला तो थांबलाच नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधला सनी ग्रीअर नाचापेक्षा रंगांचा ड्रमर. त्याच्याभोवती टिंपनी, घंटा, गाँग यांचं दुकानच मांडलेलं असायचं. डेव्ह टफ त्याच्या अगदी उलट. बारीक चणीचा, सोलोचा तिटकारा असलेला, फक्त झांजांच्या आवाजावर अख्खा बँड उचलणारा. १९३८ मध्ये क्रुपा गुडमनला सोडून गेला तेव्हा त्याच्या जागी टफ आला, आणि क्रुपाच्या धडाक्याला चटावलेल्या श्रोत्यांना तो कळायला वेळ लागला असणार.

बडी रिचबद्दल लिहावं तेवढं थोडं आणि बोलावं तेवढं वादग्रस्त. लहानपणापासून नाटकमंडळ्यांच्या मंचावर ड्रम वाजवणारा पोर, १९३९ मध्ये आर्टी शॉच्या आणि मग टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये गेला. हातांचा वेग अमानवी. माझं प्रामाणिक मत असं की स्विंगच्या काळातला रिच हा पुढच्या रिचची तयारी आहे, त्या काळाचा प्रतिनिधी नाही. आपल्याकडच्या वाचकाला त्याची ओळख दुसऱ्या वाटेने होऊ शकते: १९६८ मध्ये त्याने आणि उस्ताद अल्लारखाँ यांनी मिळून ‘रिच आ ला रखा’ नावाची एलपी काढली. रिचसारखा कोणालाही न जुमानणारा माणूस तिथे अल्लारखाँसाहेबांसमोर बराच सांभाळून वाजवताना ऐकू येतो.

स्विंगचा वारा तेव्हा मुंबईलाही लागला होता. १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा अमेरिकन काळ्या वादकांचा बँड आला, पुढे टेडी वेदरफर्डसारखे पियानोवादक तिथे स्थिरावले, आणि त्यांना ऐकत गोव्याच्या वादकांची एक पिढी तयार झाली. आल्दोन्याचा ट्रम्पेटवाला आंतोनियो शाव्हिएर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांतलाच. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मध्ये, १९५१ साली, तो बँड आणि तो झोका ऐकू येतो. ‘शोला जो भडके’ पुन्हा एकदा लावून पाहा.

आता माझा सर्वांत आवडता. सिड कॅटलेट १६ जानेवारीच्या त्या रात्रीच्या गोष्टीत नाही, आणि एकूणच त्याचं नाव मागे पडलं, कारण तो कोणा एका बँडशी कायमचा बांधलेला नव्हता. इंडियानातल्या इव्हान्सव्हिलचा, सहा फुटांहून उंच, म्हणून सगळे ‘बिग सिड’ म्हणायचे. एवढ्या मोठ्या हातांतून निघणारा आवाज मात्र कमालीचा नेमका. फ्लेचर हेंडरसनकडे वाजवलं, १९३८ पासून लुई आर्मस्ट्राँगकडे, १९४१ मध्ये काही महिने गुडमनकडे.

त्याची खुबी अशी: प्रत्येक वादकाच्या मागे तो वेगळा ठेका धरतो. ट्रम्पेटसाठी एक, क्लॅरिनेटसाठी दुसरा, पियानोसाठी ब्रश. वादक बदलला की खालची जमीन बदलते, आणि तरी लय तसूभर हलत नाही. हे ऐकायला मोठ्या बँडपेक्षा लहान संच बरा. डिसेंबर १९४३ मध्ये लेस्टर यंगसह चौघांनी केलेलं कीनोट कंपनीचं रेकॉर्डिंग घ्या, ‘समटाइम्स आय ॲम हॅपी’ किंवा ‘जस्ट यू, जस्ट मी’. इथे गर्दी नाही, ड्रम स्वच्छ ऐकू येतो. यंगने एखादी कल्पना टाकली की कॅटलेट ती पकडतो, पुढच्या दोन मात्रांत तिला उत्तर देतो आणि बाजूला होतो. त्याचे सोलोही असेच, गाण्याच्या बत्तीस बारमध्ये बसवलेले. चाल मनात म्हणत ऐकलं तर ती ड्रमवर ऐकू येते. ‘स्टेक फेस’, आर्मस्ट्राँगबरोबर, बोस्टनच्या सिंफनी हॉलमध्ये, नोव्हेंबर १९४७. काठ्या हवेत उडवून झेलण्याचे खेळ तो करायचा, पण सोलोची बांधणी पक्की असायची.

ऐकण्याबरोबर बघायचं असेल तर १९४४ चा ‘जॅमिन द ब्लूज’ हा दहा मिनिटांचा लघुपट मिळतो. ग्योन मिली या छायाचित्रकाराने केलेला, ऑस्करसाठी नामांकन मिळालेला. त्यात कॅटलेट आणि जो जोन्स दोघेही आहेत. दोघांचे हात पाहा: काठीची पकड, मनगट, आणि खांदे किती सैल आहेत ते.

स्विंगचा काळ संपवणारा बदलही ड्रमवरच झाला. केनी क्लार्कने १९४० च्या आसपास लय हाय-हॅटवरून आणखी वर, बाजूच्या मोठ्या झांजेवर नेली आणि बेस ड्रमला चार मात्रांच्या नोकरीतून सोडवलं. आता तो मनात येईल तेव्हा अचानक ठोका टाकू शकत होता. त्यातून बीबॉप ही जॅझची नवी शैली आली, नाचणारे पांगले आणि स्विंगचे अनेक ड्रमर रातोरात जुने ठरले. कॅटलेट ठरला नाही. ११ मे १९४५ ला डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर यांनी ‘शॉ नफ’ आणि ‘हॉट हाउस’ रेकॉर्ड केलं, नव्या संगीताची जणू घोषणाच, आणि ड्रमवर होता आर्मस्ट्राँगकडून आलेला पस्तीस वर्षांचा बिग सिड. आपलं वाजवणं त्याने फारसं बदललं नाही. ते आधीपासूनच तिथे बसत होतं. १९५१ मध्ये शिकागोत एका कार्यक्रमाच्या वेळी, रंगमंचामागे, हृदयविकाराने तो गेला. पंधरा वर्षांनी, १९६६ मध्ये, बीबॉपचा सर्वांत मोठा ड्रमर मॅक्स रोच याने ‘फॉर बिग सिड’ नावाचा एकट्या ड्रमचा तुकडा रेकॉर्ड केला. कॅटलेटच्या ‘मॉप मॉप’चं बीज घेऊन बांधलेला. आधी ‘मॉप मॉप’ ऐका आणि लगेच रोचचा तुकडा लावा. कॅटलेटची मूळ कल्पना कुठे आहे आणि रोचने तिचं काय केलं, हे कोणी न सांगताही ऐकू येईल.